आज पाळी कोनाची

अनसिंग,
२४ सप्टेंबर २०२५

प्रिय रत्ना,

त्या सकाळी माझं अंगण झाडून झालं होतं, पाणी भरून झालं होतं, आणि मी ओसरीत गव्हाला एरंडेल चोळत बसले होते. तू पाय प्लास्टरमध्ये घालून खुर्चीवर बसली होतीस आणि तेल जास्त होतंय म्हणून दर मुठीला मला टोकत होतीस. आतून ह्यांनी हाक मारली, "हिरी, चाल्लं, पाह्य." मी तशीच तेलकट हातांनी आत गेले तर म्हणाले, "हात नको लावू, पयले धुऊन ये." मी हात मागे धरून उभी राहिले. कॉम्प्युटरच्या पडद्यावर वर मोठ्या अक्षरात होतं, "आज पाळी कोनाची, हिरी?" आणि खाली पाच गावांची नावं.

ती सकाळ तुला आठवते का, हे विचारायला हे पत्र. फोनवर विचारलं असतं, पण तुला फोनवरचं ऐकू येत नाही आणि मोबाईलवरची बारीक अक्षरं तू वाचत नाहीस. आता का विचारते ते सांगते.

आमच्या बचत गटाचं मळणी यंत्र पाच गावांत फिरतं, ते तुला माहीत आहे. कोणाचं किती एकर, कोणाचं कापून झालं, हे मी ह्यांनी कॉम्प्युटरवर बनवलेल्या त्या पानावर भरते आणि पान पाळी लावून देतं. ती मी फळ्यावर उतरवते. तुझे भाऊ गेल्याला दोन वर्षं झाली, पण एकही सकाळ मी ते पान उघडल्याशिवाय काढली नाही. आता ते बंद पडलं आहे आणि सोयाबीन कापणीला आलं आहे.

तुझ्या रंजीताची पुण्याची कंपनी बंद झाली तेव्हा लॅपटॉपही त्यांनी परत घेतला. आता नागपूरच्या एका कंपनीनं तिला परीक्षेवर घेतलंय. दिवाळीच्या आत त्यांचं काम आपल्या मशीनवर उभं करून दाखवायचं, त्यातली बिघडलेली पानं दुरुस्त करायची. जमलं तर कायम, आणि काम घरूनच. म्हणून ती माझ्याकडे आली, मामाच्या कॉम्प्युटरसाठी. त्या कामाला नोड नावाची एक मूळ गोष्ट नवी लागते. ती तिनं टाकली. दुसऱ्या सकाळी मी आपलं पान उघडलं तर पांढरा पडदा आणि लाल ओळी.

ती वाशिमला गेली होती. दारात गटातल्या रीता आणि अन्वरी उभ्या.

"काकू, आज थ्रेशर कोनाकडं? ढग पाह्य कसे आले," रीता म्हणाली.

"माहं सोयाबीन परवापासून कापून पडलं हाय," अन्वरी म्हणाली. "तू मांगून आली."

"मांगून आली तं काय झालं, माहा नंबर काकूनं सांगतला होता."

"कागद दाखव मंग."

घरात दसरा काढणं चालू होतं. गोधड्या धुऊन वाळत घातलेल्या, भांडी अंगणात, माळ्यावरचं सगळं खाली. त्याच हातानं मी कॉम्प्युटरचाही दसरा काढला. पानाच्या फोल्डरमध्ये आणखी एक भलं मोठं फोल्डर दिसलं, आत हजारो फाइली, एकाही फाइलीचं नाव ओळखीचं नाही. मला वाटलं, काल जे नवं आलं त्याचाच हा पसारा. काढून टाकलं. कचऱ्याची टोपलीही रिकामी केली.

संध्याकाळी रंजीता आली, तिनं पाहिलं, रिकामी टोपलीही उघडून बघितली. मग हसायला लागली. "मामी, तुमी तं पक्क्या डेव्हलपर झाल्या. काही चालेनासं झालं की आमी बी पयले हेच फोल्डर उडवतो."

"मंग परत येते ना ते?"

"यादी बरोबर असली तं येते."

आणि यादीतच घोळ आहे. दुसऱ्यांनी लिहून ठेवलेले कामाचे तुकडे असतात, त्यांना लायब्ररी म्हणतात. तारखा मांडणारा एक, तक्ता काढणारा दुसरा. आपलं पान असे वीस-पंचवीस तुकडे मागवून त्यांच्यावर उभं राहतं. यादीत तुकड्याचं नाव आणि आवृत्तीचा आकडा लिहायचा असतो. तुझ्या भावानं आकडा कुठेच लिहिलेला नाही. सगळीकडे लिहिलंय, जे ताजं असेल ते. मी म्हटलं, मला भाजीला पाठवायचे तेव्हाही हेच सांगायचे. रंजीता म्हणाली, "भाजीले चालते मामी. हितं आज जे ताजं आलं ते एकमेकांसंगं बसून नाही राह्यलं."

तिच्याकडे एक उपाय आहे. मशीनला सांगता येतं की अमुक तारखेपर्यंत जे निघालं होतं तेवढंच आण. पण पान पहिल्यांदा चाललं ती तारीख माहीत पाहिजे. फाइलींवर सगळीकडे एकच तारीख आहे, जुन्या कॉम्प्युटरवरून हे इकडे आणलं त्या दिवसाची. मला फक्त गहू आणि तुझं प्लास्टर आठवतं. गव्हाला तेल मी दरवर्षी लावते. प्लास्टर तुला एकदाच होतं. ते कोणत्या वर्षी, कोणत्या दिवशी, एवढं कळव.

तुझी,
हिरी


धनज,
२९ सप्टेंबर २०२५

हिरीवहिनी,

पत्र पोचलं. रंजीता बरी आहे हे वाचून बरं वाटलं. ती मला स्वतः लिहीत नाही, मोबाईलवर चार शब्द पाठवते, त्यातले दोन शेजारच्या वैभवीला वाचायला सांगावे लागतात.

मला एक कळलं नाही. परीक्षा नागपूरच्या कंपनीची आहे ना? मग ती भाऊच्या पानात कशाला शिरली? तिला दिवाळीपर्यंत मुदत आहे. जे माणूस गेलं त्याच्या पानापायी जितीजागती नोकरी घालवायची का? तू मोठी आहेस, तू सांगायला पाहिजे की सोड ते. पाळी काय, कागदावरही लागते. मी अंगणवाडीत पंचवीस वर्षं पोरांना कागदावरच ओळीनं बसवलं.

इकडे कारंज्याच्या एका शाळेत कॉम्प्युटर शिकवायला बाई पाहिजे आहे. त्यांनी माझ्याकडे निरोप पाठवला होता. धनजहून रोज जाणं-येणं होतं. बसायला खुर्ची, सुट्ट्या, आणि घरचं जेवण. परीक्षा नाही, लाल ओळी नाहीत. मी त्यांना दिवाळीनंतर कळवते म्हटलं आहे. तू तिला समजाव.

रंजीताचे वडील दसऱ्याला ट्रॅक्टर घेऊन साखर कारखान्याकडे निघतील, ते होळीपर्यंत. शेतातलं सोयाबीन वाट्यानं दिलं आहे.

तेल जास्तच होत होतं. मला अजून आठवतं.

रत्नमाला


अनसिंग,
४ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

तेल आठवतं आणि तारीख आठवत नाही, असं कसं. तू माझ्या प्रश्नाला हातही लावला नाहीस. मला वाटतं तुला राग आहे, पोरगी तुझ्याकडे न येता माझ्याकडे आली म्हणून. असेल तर मला सरळ लिही.

सोड म्हणून मी तिला सांगितलं होतं, तुझं पत्र यायच्या आधीच. मी म्हटलं, तुझं काम बघ, मी कागदावर पाळी लावते. कागदावर लावलीही. मग एकाच दिवशी यंत्र दोन गावांत लिहून बसले. दोन्हीकडच्या बाया दारात, आणि मधे ड्रायव्हर शादाब. "खाला, मले एकच थ्रेशर हाय, अर्धं हितं अर्धं तितं कसं नेऊ?" तो बिचारा चहा पिऊन बसून राहिला. रंजीता उठून बाहेर आली, दोघींना समजावलं, आत गेली आणि म्हणाली, "मामी, हे पान मी चालवून दाखवतो. कंपनीचं काम दुपारपर्यंत, मंग हे."

आता ती काम कसं करते ते तुला सांगते, कारण तू तिला काम करताना पाहिलेलं नाहीस. मी रोज शेजारी बसून निवडणं-टिपणं करते आणि बघते.

लाल ओळी येतात त्या पानभर असतात. मी असते तर घाबरून बंद केलं असतं. ती पहिल्या ओळीपासून सावकाश वाचत जाते, बोट ठेवून. मी अशीच वाचायला शिकले, खताच्या पोत्यावरून, अक्षर लावून. मला कोणी शिकवलं नाही म्हणून माझं बोट ओळीवर असायचं, तिला सगळं येतं तरी तिचं असतं. पानभर ओळींतून कामाची एकच निघते, तेवढी ती मला वाचून दाखवते. परवाची अशी होती की तारखांच्या तुकड्याला एक तिसरा तुकडा जुना पाहिजे, आणि तक्त्याच्या तुकड्याला तोच तिसरा नवा पाहिजे. दोघांना एकाच घरात तो तिसरा वाटून घ्यायचा आहे आणि दोघंही मागे हटत नाहीत. जबरदस्तीनं पुढे ढकलायची सोय असते म्हणे. ती म्हणाली, "तसं केलं तं आज चालंल अन् ऐन मळणीत बसंल."

आणि ती दोन गोष्टी एका वेळी कधी बदलत नाही. एक बदलते, चालवून बघते. नाही जमलं तर जशी होती तशी परत ठेवते, मगच दुसरीला हात लावते. मी आजवर ज्यांना दुरुस्ती करताना पाहिलं, तुझ्या भावासकट, ते सगळे चार स्क्रू एकदम काढायचे आणि मग एक उरायचा.

मूळ भांडण तिनं आधीच मिटवलं. नवा नोड कंपनीच्या कामाला, जुना नोड आपल्या पानाला, दोन्ही एकाच मशीनवर. कोणत्या फोल्डरमध्ये उभं राहिलं की कोणता उठायचा, एवढं तिनं सांगून ठेवलं. कंपनीचं काम तिसऱ्याच दिवशी उभं राहिलं. कंपनीत तिच्यासोबत लागलेला नवीन नावाचा पोरगा अजून अडकला आहे, तर ही त्याला फोनवर सांगते, एकेक करून, न चिडता. म्हणजे नोकरी कुठे चालली नाही, काळजी करू नको.

अडलंय ते आपलंच पान. मला वाटलं होतं ती सकाळ कोरोनाच्या दुसऱ्या वर्षातली. एप्रिल २०२१ची तारीख घालून तिनं पाहिलं. नाही उठलं. तेव्हा तक्त्याचा तो तुकडा निघालाच नव्हता. एकेका प्रयत्नाला अर्धी दुपार जाते, नेट इथलं कसं आहे तुला माहीत आहे. अंदाजानं तारखा घालत बसली तर तिची मुदत खरंच जाईल. आणि ती थांबत नाही. म्हणून मी पुन्हा विचारते.

रत्ना, मला पानावाचून राहता येईल. ते गेले तेव्हाही मी दुसऱ्या दिवशी चूल पेटवली होती. पण राहता येतं म्हणून जाऊ द्यावं, असं मला वाटत नाही.

हिरी


धनज,
८ ऑक्टोबर २०२५

हिरीवहिनी,

राग नाही.

दुधवाला सकाळी दार वाजवतो ते मला ऐकू येत नाही. दोनदा तो दूध न देता परत गेला. आता मी पाच वाजल्यापासून उंबऱ्यावर बसून राहते, तो येईपर्यंत. परवा गॅसवर दूध उतू गेलं, बर्नर विझला, वास आला तेव्हा कळलं. वैभवीनं येऊन खिडक्या उघडल्या. हे मी रंजीताला लिहिलं नाही. तिच्या वडिलांनाही नाही, ते ट्रॅक्टर सोडून येणार नाहीत आणि यायला पाहिजे असंही नाही. मला वाटलं, शाळेचं जमलं तर पोरगी घरात राहील, तिला कारणही सांगावं लागणार नाही.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. ती बोट ठेवून वाचते हे मला माहीत नव्हतं. लहानपणी ती सगळं भराभरा वाचायची आणि अर्धं सोडायची, मी अंगणवाडीत इतर पोरांसमोर तिला त्यावरून बोलायची. न चिडता सांगते, असं तू लिहिलंस. माझ्या घरात हे कोणाला येतं? मला तर नाही.

माझा पाय मोडला तो २०२२च्या मार्चमध्ये, अंगणवाडीच्या पायरीवर. एप्रिलमध्ये मी तुझ्याकडे आले. तू एरंडेल चोळत होतीस तो दिवस आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदला. नक्की, कारण चिंचवणीची चिंच तू भिजत घातली होतीस आणि तिचं पातेलं माझ्या प्लास्टरच्या पायाजवळ ठेवलं होतंस, मला हलता येईना. त्या वर्षी आखाजी तीन मेला होती. म्हणजे दोन मे २०२२. भाऊनं तुला हाक मारली, तू गेलीस, आणि तुमच्या दोघांच्या हसण्याचा आवाज आला. तेव्हा मला ऐकू यायचं.

तारीख खरी आहे. घाल आणि बघ.

दुधाचं तिला सांगू नको.

रत्नमाला


अनसिंग,
१३ ऑक्टोबर २०२५

आई,

मामीनं मला तुझं पत्र दाखवलं नाही, वाचून दाखवलं. तारखेपर्यंत आली आणि थांबली नाही, वरचंही वाचलं. म्हणाली, "तुयी माय मले सांगू नको म्हने, पर म्या तिचं ऐकत नाही, पयलेपासून." तिच्यावर चिडू नको.

तारीख बरोबर निघाली. २ मे २०२२ घातली, जुना नोड उठवला, आणि दुपारी सगळे तुकडे आले, एकही लाल ओळ न येता. मी दोनदा बंद करून पुन्हा चालवलं, कारण पहिल्यांदा माझा विश्वास बसला नाही. मामी तेव्हा मागे ज्वारी पाखडत होती. मी हाक मारली. ती आली, पडद्यासमोर उभी राहिली, वरची ओळ वाचली. मग हात धुऊन आली आणि खुर्चीवर बसून अर्ध्या तासात दोन गावांचा गोंधळ निस्तरला. अन्वरीमावशीचं उरलेलं सोयाबीन आज निघतंय.

मी आता यादीत प्रत्येक तुकड्याचा आकडा लिहून टाकला आहे. आता ते पान कोणत्याही मशीनवर, कोणत्याही वर्षी असंच उठेल. कंपनीच्या कामाचंही मी तसंच केलं, कोणता नोड, कोणता तुकडा, सगळं त्या फोल्डरमध्येच लिहिलेलं. शनिवारी त्यांना दाखवलं. त्यांचे मोठे साहेब म्हणाले, हे कोणी सांगितलं होतं? मी म्हटलं, कोणी नाही, मामाचं एक पान अडलं होतं त्यावरून सुचलं. आई, मला कायम केलं आहे. लॅपटॉप दिवाळीच्या आधी येतो.

मी शाळेत शिकवणार नाही, त्यांना तसं कळव. पण मी धनजला येते, राहायला. हे काम मला अनसिंगलाच बसून करावं लागत होतं ते मामाच्या कॉम्प्युटरपायी. आता नवा लॅपटॉप आला की तुझ्या माजघरात बसून एका सकाळीत सगळं उभं राहील. नेटचं वैभवीनं बघून ठेवलं आहे. कारंज्याच्या डॉक्टरकडे तुझ्या कानाची तारीख घेतली आहे, तू नाही म्हणायचं नाही.

तोपर्यंत दूध तू उतू घालवू नको.

रंजीता


अनसिंग,
२३ ऑक्टोबर २०२५

प्रिय रत्ना,

दिवाळी बरी झाली असेल. रंजीतानं तुला सगळं सांगितलंच असणार, मी माझ्या बाजूचं थोडं लिहिते.

तिनं सांगितलं की मी हात धुऊन बसले आणि पाळी लावली. ते खरं आहे. मधलं तिनं लिहिलं नसेल. मी ती ओळ वाचली आणि मला रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बरं वाटलं. बाजारातून यायला उशीर झालेलं माणूस दारात दिसावं, तेवढंच. मग मी तिला विचारलं, तू नसतीस आणि मामाच असते तर त्यांना हे जमलं असतं का? ती म्हणाली, "जमलं असतं, पर मामानं चार गोष्टी एकदम बदलल्या असत्या." तुझ्या भावाला तिनं बरोबर ओळखलं. मी त्यांच्यासोबत तीस वर्षं होते, मला एवढं नेमकं सांगता आलं नसतं.

एक गोष्ट तिनं केली ती मी अजून कोणाला सांगितलेली नाही. यादीत आकडे लिहून झाल्यावर ती म्हणाली, मामी, मी पान नवंही करून देऊ शकतो, रंगीत, मोबाईलवर दिसणारं, दोन दिवसांचं काम. मी पडद्यावरची ती वरची ओळ पुन्हा वाचली. तिनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, राहू द्या, आधी हे तुमच्या हातचं होऊ द्या. आणि मला शिकवत बसली. पान कुठून उठवायचं, गावांची नावं कोणत्या फाइलीत आहेत, बदलायच्या आधी तिची नक्कल कशी ठेवायची. मी चुकले की ती माउसला हात लावायची नाही, बोटानं नुसती ओळ दाखवायची. तू अंगणवाडीत पोरांना ओरडायचीस, हे मला माहीत आहे. ही कुठून शिकली?

धनत्रयोदशीच्या सकाळी मी तिला कारंज्याच्या गाडीत बसवलं. लॅपटॉपची पिशवी तिनं मांडीवर घेतली होती. मला म्हणाली, "मामी, अडलं तं फोन करा." मी म्हटलं, अडलं तर आधी बोट ठेवून वाचीन.

घर शांत आहे. तुला खोटं लिहिणार नाही, तिच्या बोटांचा टकटक आवाज कानाला लागला होता. दुपारी एकदा मी आत डोकावलेही. पण ती तुझ्या उंबऱ्याच्या आत आहे आणि दुधवाल्याला दार कोण उघडतंय हे मला माहीत आहे, म्हणून मला इथे बरं झोपता येतं. डॉक्टरनं कानाचं काय सांगितलं ते कळव. मशीन लावायला सांगितली तर लाव. पत्र मात्र बंद करू नको.

ती गेली त्या संध्याकाळी खालच्या तांड्यावरच्या चार बाया आल्या होत्या. त्यांचं सोयाबीन उशिराचं आहे, यंत्र मिळेल का म्हणून विचारत होत्या. यापूर्वी अशा कोणी आल्या तर मी नाही म्हणायची, कारण पानावर पाचच गावं होती आणि ती ह्यांनी लिहिलेली होती. मी त्यांना सकाळी या म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मी फाइलीची नक्कल ठेवली, पानावर सहावं गाव लिहिलं, आणि यंत्राची पहिली पाळी खालच्या तांड्याला दिली.

तुझी,
हिरी